शुक्रवारची गोळी

रिटायर झाल्यावर पहिले पंधरा दिवस मी नुसती झोपले. अठ्ठावीस वर्षं भिवंडीहून एस.टी.ने दिघाशीला जायचं, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चार इयत्ता एका खोलीत आवरायच्या आणि संध्याकाळी अंगभर धूळ घेऊन परत यायचं, ते एकदाचं संपलं होतं. सोळाव्या दिवशी जाग आली ती मोरीतल्या आवाजानं. बघते तर आमचे हे उकिडवे बसून कढई घासतायत.

"झोप, मास्तरीण," हे म्हणाले. "तुझी ड्युटी संपली हाय."

मला इतकं बरं वाटलं की मी खरंच पुन्हा जाऊन झोपले.

हे माझ्या दोन वर्षं आधी घरी बसले होते. पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम पुन्हा चालू करून देणारा माणूस. मूळचे वळ गावचे. घरच्या भातशेतीत सगळ्या भावांचं भागेना, म्हणून मिसरूड फुटायच्या आत भिवंडीत आले आणि चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढली. लांबून आवाज ऐकून सांगायचे की तिसऱ्या रांगेतला लूम संध्याकाळपर्यंत बंद पडणार, आणि तो पडायचा. चाळीस वर्षांत चार शेठ झाले, पण पगारपत्रक कुणाकडे नाही, फंड नाही, काही नाही. काम सोडलं त्या दिवशी शेवटच्या शेठनं चहा पाजला आणि एक शर्टपीस दिला. तोही त्याच्याच कारखान्यातला. मी खूप बडबडले होते त्यावर. ह्यांनी मात्र शर्ट शिवून घेतला आणि दोन वर्षं वापरला.

तेव्हा घरात पेन्शन आली ती माझी. तिच्यात आमचं मजेत चालायचं. हे मुद्दाम लिहिते, कारण म्हातारपण म्हटलं की लोक लगेच चेहरा पाडतात. मुलगी कल्याणला दिलेली, तिचं तिथं बरं चाललेलं. सकाळी हे बाजारातून बोंबील नाहीतर कोलीम आणायचे, पौर्णिमेला आम्ही दोघं विहारात जायचो, आणि महिन्याच्या सुरुवातीला बँकेत. बँकेत मी रांगेत उभी राहायची आणि हे बाकावर बसून माझी छत्री सांभाळायचे. कुणी विचारलं, "काय काका, पेन्शन घ्यायला?" की म्हणायचे, "मालकीण घेते. मी बॉडीगार्ड हाय."

मग नव्वद सालाच्या पुढेमागे एका सकाळी दाढी करताना ह्यांचं तोंड वाकडं झालं. मी चहा हातात दिला तर तो हनुवटीवरून ओघळायला लागला आणि ह्यांना ते कळेचना. डावा हात लुळा पडला होता. अकरा दिवस ठाण्याच्या इस्पितळात काढले. माझ्या ग्रॅच्युइटीतला मोठा घास तिथंच गेला, पण माणूस चालत घरी आला. तोंड सरळ झालं, हातही बराचसा सुधारला, फक्त पाना धरता येईना.

घरी सोडताना डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, रोज सकाळी ही ब्लडप्रेशरची गोळी. जन्मभर. एक दिवससुद्धा चुकवायची नाही. हा झटका लहान होता. दुसरा आला तर मी काही करू शकणार नाही."

त्यानंतर कित्येक महिने हे नुसते शिंकले तरी मी हातातलं काम टाकून ह्यांचं तोंड बघायला धावायची.

इस्पितळाच्या बिलानं मी शहाणी झाले होते. एक विमा एजंट शोधून घरी बोलावला. आजारपणाची पॉलिसी तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हती; पॉलिसी म्हणजे माणूस गेल्यावर पैसे मिळतात ती, एवढंच माहीत. एजंटानं छापील तक्ता काढला. तरुणाला हप्ता कमी, पन्नाशीला जास्त, साठीच्या पुढे बघवेना इतका. वर म्हणाला, आधीपासून असलेला आजार ह्यात धरत नाहीत.

"म्हंजे ब्लडप्रेशर सोडून?" ह्यांनी विचारलं.

"ब्लडप्रेशर, आणि त्यातून जे जे होतं ते."

"मंग मला मलेरिया झाला तर पैसे मिळतील."

"हो काका, मलेरियाला मिळतील."

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तरीण, मच्छरदाणी घे. स्वस्त पडंल." एजंट बिचारा चहा पिऊन गेला. मी हसले खरी, पण त्या तक्त्यावर माझं डोकं सटकलं होतं. ज्या वयात गरज, त्याच वयात दार लावून घ्यायचं, ही कुठली रीत?

तर पॉलिसीचा नाद सुटला आणि मी गोळीच्या मागे लागले. गोळीचा भाव वाढत होता. म्हणजे असा वाढायचा की आपण दुकानात जावं आणि दुकानदारानं बोट दाखवावं, पाकिटावर छापलंय बघा. आता मी काही मुकाट पैसे काढून देणारी बाई नाही. माझ्या लक्षात आलं की भाव वाढला तरी ज्या दुकानात माल हळू खपतो तिथं जुन्या भावाची पाकिटं पडून असतात, आणि पाकिटावर छापलंय त्याच्या वर तो एक पैसा मागू शकत नाही. झालं. मी भिवंडीतली दुकानं पालथी घातली. मग सापडलं मानकोली नाक्यावर एक छोटंसं मेडिकल. ट्रकवाले तिथं डोकेदुखीची गोळी आणि बाम घ्यायचे, बाकी कपाटावर धूळ. तिथं मला वर्षापूर्वीच्या भावाची पाकिटं मिळाली. मुदत संपायची तारीख मी चष्मा पुसून दोनदा वाचायची. दुकानदार कंटाळून म्हणायचा, "बाई, पेपर तपासताय का?"

आमच्या घरात कामाची वाटणी अशी झाली: गोळ्या मी आणायच्या आणि हे घ्यायच्या. डबा ह्यांच्या उशाशी. मी विचारायची, "घेतली का?" आणि हे म्हणायचे, "घेतली." सगळ्या पूर्ण संपायच्या आत, कधी दहा दिवसांनी, कधी महिन्यानं, जुन्या भावाचा माल दिसेल तसा मी आणायची. त्यामुळं किती आल्या आणि किती गेल्या याचा मेळ माझ्या डोक्यात कधी बसलाच नाही. उलट मला वाटायला लागलं की आपण फार काटकसरी आहोत, गोळ्या कशा पुरतायत. बँकेत माझ्यासारख्याच एक निवृत्त शिक्षिका भेटायच्या, त्यांना मी फुशारकीनं सांगायची, "तुम्हाला खरेदी करता येत नाही हो. आमचं औषध बघा, किती दिवस चालतं." त्या बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या. आज आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एका मार्चमध्ये डबा एकदाचा पूर्ण रिकामा झाला. मी महिनाअखेरीला मानकोलीहून तीस गोळ्या आणल्या. पुढे मेच्या सुरुवातीला तपासणीला गेलो तर डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, पुन्हा फुगवला, आणि भुवया वर केल्या. ब्लडप्रेशर नको तिथं जाऊन बसलं होतं.

"गोळी रोज घेता ना, काका?"

"घेतो," हे म्हणाले.

"मग ही गोळी आता पुरत नाही. नवी देतो. जरा महाग आहे."

जरा म्हणजे चौपट. मी दुकानात भाव विचारला आणि न घेताच बाहेर आले. वाटेत माझ्या डोक्यात एकच चक्र: रोज गोळी घेऊन ब्लडप्रेशर चढतंच कसं? गोळीच खोटी असणार. त्या मानकोलीवाल्यानं जुना माल म्हणून मला खडू विकले. माझ्या नवऱ्याच्या जिवाशी खेळला मेला. ह्यांना घरी सोडलं, डब्यात किती गोळ्या उरल्यात ते बघितलं, जुन्या बिलांची पर्स घेतली, आणि तशीच रिक्षात बसून मानकोली गाठली.

दुकानात तीन-चार माणसं होती. बरं झालं म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना. मी माझा वर्गातला आवाज काढला. माणूस मेला तर भरून देणार का, औषध विकता की चुना, फौजदारी करीन, सगळं बोलले. दुकानदारानं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "बाई, बिल असेल ना?"

मी बिल आपटलं. त्यानं ते सुरकुत्या काढून बघितलं.

"एकतीस मार्च. तीस गोळ्या. आज आठ मे. म्हणजे गोळ्या संपून आठवडा झाला असेल. नव्या कुठून घेतल्या?"

"संपल्या कुठं? अजून नऊ आहेत घरी."

हे मी अगदी तोऱ्यात सांगितलं. मग त्यानं बिलावरची तारीख पुन्हा वाचली. बाम घ्यायला आलेला एक ट्रकड्रायव्हर बोटांवर मोजायला लागला. मीही मनात आकडे मांडले. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना वजाबाकी शिकवली होती.

"बाई," दुकानदार हळूच म्हणाला, "माझं औषध एक वेळ खोटं असेल. पण अडतीस दिवसांत एकवीसच गोळ्या गेल्यात."

मी बिल उचललं आणि निघाले. माफीसुद्धा मागितली नाही, तेवढा धीरच नव्हता.

घरी आले तर हे शेजारच्यांचा स्टोव्ह उघडून बसले होते. उजव्या हातानं पिन मारत होते, डाव्यानं टाकी दाबून धरली होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"सतरा दिवस गोळी घेतली नाही तुम्ही."

ह्यांनी स्टोव्ह खाली ठेवला. "कोण बोललं?"

"वजाबाकी बोलली."

मग ह्यांनी जे सांगितलं ते ऐकून कपाळावर हात मारावा की हसावं, कळेना. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. आठवडाभर दोन्ही शिफ्ट धडाडणारं मशीन त्या दिवशी थंड होतं, आणि जॉबर लोक मानतात की त्या एका दिवसाच्या आरामावर ते पुढचे सहा दिवस तक्रार करत नाही. तर ह्यांनी शुक्रवारी शरीराला आराम दिला होता. गोळीची सुट्टी.

"डॉक्टरला काय ठावं?" हे म्हणाले. "रोज रोज औषध मारलं तर अंगाला सवय लागती. आणि तेल जास्ती झालं की काय व्हतं? कापडावर डाग येतो. लूमला तेल मोजून द्यायचं असतं."

"अडतीस दिवसांत शुक्रवार फार तर सहा," मी म्हटलं. "सहा गेले. उरलेले अकरा दिवस कुठले?"

ह्यांनी पिन उचलली, परत ठेवली. मी समोर जमिनीवर बसले. बाहेर लूम चालू होते, ते आमच्याकडे शुक्रवार सोडला तर थांबतच नाहीत, पण त्या वेळी मला ते ऐकूच येत नव्हते.

"रागावणार न्हाय तर सांगतो," हे म्हणाले.

"रागावणार. सांगा."

"पेन्शन तुझी हाय," हे म्हणाले. बिघाड कुठं आहे ते शेठला सांगावं, तितक्या शांतपणे. "मी उद्या गेलो तर तुझी पेन्शन एका पैशानं कमी व्हत न्हाय. उलट गोळीचा खर्च वाचतो. तू आधी गेलीस तर मला अर्धीच, म्हंजे आपल्या दोघांत आधी कुणी जायचं ते उघड हाय. गोळी म्हाग झाली तसा मी इचार केला. जो लूम कापड काढत न्हाय त्याच्यावर तेल कशाला घालायचं? मी मुद्दाम मरत न्हवतो गं. नुसतं कमी घेत व्हतो."

मी शाळेत पोरांवर हात उचलत नव्हते, अगदीच टोळभैरव असले तरी. त्या दिवशी मला ह्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली. आणि मग रडूच आलं. मी इकडे गावभर जुन्या भावाची पाकिटं हुडकत होते, जिंकल्यासारखी घरी येत होते, दर वेळी ह्यांना सांगत होते, "बघा, ह्या खेपेला किती वाचवले." आणि हे ऐकून हा माणूस उशाशी बसून आपला भाव काढत होता. भाव तर मीच ऐकवत होते की रोज.

डोळे पुसले आणि विचारलं, "मी ठाण्याला ट्रेनिंगला होते ती दोन वर्षं आठवतात?"

"न आठवायला काय झालं?"

लग्न झालं तेव्हा मी सातवी पास होते. मास्तरीण व्हायचं खूळ माझं. ह्यांनी दोन वर्षं दोन्ही शिफ्ट केल्या, माझी फी भरली, आणि पोर आपल्या आईकडे वळला ठेवली. सासरचे लोक म्हणायचे, बायकोला शिकवतो, उद्या डोक्यावर बसेल. बसले मी, त्यात काही खोटं नाही.

"दोन वर्षं मी एक पैसा आणला नाही घरात," मी म्हटलं. "मी कुठलं कापड काढत होते? माझ्यावर का तेल घातलंत?"

"ते येगळं. तू पुढं कमावणार व्हतीस."

"मी पास होईन हे ठाऊक होतं तुम्हाला?"

ह्यांनी खरंच विचार केला. खोटं बोलायची सवय नाही, गोळीपुरतीच लागली होती. "न्हाय," म्हणाले. "गणितात तू कच्ची व्हतीस."

"मग?"

हे स्टोव्हची टाकी बोटानं पुसत राहिले. मग म्हणाले, "तू दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलीस की मला बरं वाटायचं. बाकी काय न्हाय."

"मग मलाही बरं वाटतं," मी म्हटलं. "तुम्ही घरात असलात की. मी पेन्शन कशाला आणते वाटलं तुम्हाला? एकटीला किती लागतं? दोन चपात्या आणि एक कप चहा."

ह्यांनी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी होतं, पण मी तसं म्हटलं असतं तर रॉकेलचा वास लागला म्हणाले असते, म्हणून मी चपला काढायला उठले.

दुसऱ्या दिवसापासून डबा माझ्या ताब्यात आला. सकाळी चहा झाला की मी गोळी हातावर ठेवायची, पाणी पिईपर्यंत उभी राहायची आणि म्हणायची, "तोंड उघडा." पहिले काही दिवस हे चिडायचे. मग मजा म्हणून स्वतःच आ करून दाखवायला लागले, पाहुण्यांसमोरसुद्धा. महिनाभरानं डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला तर ब्लडप्रेशर जुन्याच गोळीवर गुमान खाली आलेलं. डॉक्टरांना मी खरं काय ते सांगितलं. ते ह्यांच्यावर माझ्यापेक्षा जास्त रागावले, ते ऐकून मला फार बरं वाटलं. मानकोलीलाही गेले. चारचौघांत शिव्या दिल्या होत्या, तर माफीही चारचौघांत मागितली. दुकानदार म्हणाला, "जाऊ द्या बाई, जुन्या भावाची दोनच पाकिटं उरलीयत, नेता का?" ती मी नेली.

त्यानंतर जुना भाव कुठंच उरला नाही. पेन्शनवरचा महागाई भत्ता वाढला की केमिस्टला कसं कळायचं कोण जाणे, महिन्याच्या आत पाकिटावर नवा आकडा यायचा. मी भांडत राहिले, पण दुकानदाराशी. घरी येऊन भाव सांगायचं मात्र मी कायमचं बंद केलं. हे विचारायचे, "कितीला?" मी म्हणायची, "तुम्हाला काय करायचंय?"

गेल्या वर्षी डॉक्टरांनी आणखी एक गोळी लिहून दिली, साखरेची. आम्ही दोघं बाजारातल्या मेडिकलमध्ये गेलो. माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून बिल ह्यांच्या हातात पडलं. ह्यांनी ते लांब धरून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. आम्ही चालायला लागलो. कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो रस्ता अडवून उभे होते, त्यांच्यामधून वाट काढत कोपऱ्यापर्यंत आलो तरी हे गप्पच. मला वाटलं, पुन्हा सुरू झालं ह्यांच्या डोक्यात.

कोपऱ्यावर हे थांबले.

"म्हाग पडायला लागलो मी तुला," म्हणाले.

"पडा," मी म्हटलं. "आणखी वीस वर्षं पडा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रस्ता ओलांडायला माझा हात धरला, भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.